खोटी माशी आणि खरें निरीक्षण

ट्राउट हा थंड, निर्मळ व वाहत्या पाण्यांत राहणारा मासा होय. आपल्या देशांत काश्मीरच्या नद्यांत तो परदेशांतून आणून सोडण्यांत आला. गळाच्या आंकड्यावर पिसें किंवा लव बांधून केलेल्या खोट्या माशीनें त्याला धरतात. अशा माश्यांचे प्रकार असंख्य. तरी अनुभवी लोक मोजक्याच माश्यांवर भरंवसा ठेवतात. असें कां, हें आपण पाहूं.

दक्षिण इंग्लंडांतील टेस्ट व इचेन या नद्या ट्राउटसाठीं प्रसिद्ध आहेत. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनीं १८८६ सालीं तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला. पाण्यावर दिसणाऱ्या कीटकाची हुबेहूब प्रतिकृति करून ती तरंगत सोडावी, हाच त्यांच्या अनुयायांचा नियम झाला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलांनीं मात्र धरलेल्या ट्राउटच्या पोटांतील अन्न तपासलें. मेफ्लाय नांवाच्या कीटकाचें बहुतेक आयुष्य पाण्याखालीं जातें. पंख फुटल्यावर तो थोडाच काळ जगतो. अर्थात् ट्राउटचें पुष्कळसें भक्ष्य पाण्याखालींच असतें. रूढीला हें रुचलें नाहीं. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत यावर रीतसर वादविवाद झाला.

पुढें विल्टशायरमधील एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनीं फेजंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतु व तांब्याची बारीक तार एवढ्यावरच आपली माशी बांधली. तार दोऱ्याचें काम करते आणि वजनानें माशीस खालींही नेते. पोहतांना कीटक पाय अंगाशीं धरतो, हें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणून माशीला त्यांनीं पायच ठेवले नाहींत! दुसरी माशी सशाच्या कानावरील लव व सोनेरी तार यांची. तिची विस्कटलेली लव पाण्यांत हलते व जिवंतपणाचा भास होतो. तिसरी ‘ॲडम्स’ ही तरंगणारी माशी, १९२२ सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें लिओनार्ड हॅलडे यांनीं केलेली. करड्या अंगाची ही माशी कोणत्याही एका कीटकाची नक्कल नव्हे. म्हणूनच ती अनेकांच्या जागीं चालते.

तात्पर्य, केवळ हुबेहूबपणानें माशी विश्वासू ठरत नाहीं. माशाला काय दिसतें, हें ज्यानें ओळखलें त्याचीच माशी टिकली. एका राखणदाराच्या डोळ्यांनीं जें टिपलें तें अनेक ग्रंथांतून निसटलें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, सह्याद्रींतील ओढ्यांतही मेफ्लायच्या जातीचे कीटक राहतात. वडील माणसांसह जाऊन उथळ पाण्यांतील एखादा दगड उलटून पाहा, आणि पाहून झाल्यावर तो जसाच्या तसा ठेवा. पुस्तकांतील धडा तेथें डोळ्यांपुढें चालूं लागेल.