चिपमधील दोषावर ड्रायव्हरचा उपाय
व्हर्नियर कॅलिपरमध्ये शून्य त्रुटी आढळली, तर आपण तो फेकून देत नाही. त्रुटी नोंदून प्रत्येक मापात तेवढी दुरुस्ती करतो. संगणकातही असेच घडते.

पेनड्राइव्हशी होणारी माहितीची देवाणघेवाण यूएसबी होस्ट कंट्रोलर ही चिप सांभाळते. तिच्यातील सदोष परिपथ मागाहून बदलता येत नाही. म्हणून तिला आज्ञा देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सुधारतात. लिनक्सचा ड्रायव्हर चिपच्या निर्मात्याचा व नमुन्याचा क्रमांक वाचून तो ज्ञात दोषांच्या यादीशी ताडून पाहतो. उदाहरणार्थ, एट्रॉन कंपनीची ईजे१६८ चिप आढळली, तर संगणक निद्रावस्थेतून जागा होताच ड्रायव्हर तिच्या जुन्या स्थितीवर विसंबत नाही. तिला नव्याने सुरू करतो.

दोष तसाच राहतो, पण काम अडत नाही. मात्र त्यासाठी आधी तो नेमका ओळखावा लागतो!