जुना सेट बोलता करताना

१९७० च्या दशकात हौशी रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हॅम मंडळींसाठी, सेटची एक खास पिढी बाजारात आली. याएसूचा एफटी-१०१ आणि केनवूडचा टीएस-५२० ही तिच्यातली सर्वांत ओळखीची नावं. या सेटचा रिसीव्हर ट्रान्झिस्टरवर चालतो, पण ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह असतात: १२बीवाय७ए हा ड्रायव्हर आणि त्यापुढे दोन फायनल. आता पन्नाशीला आलेले हे सेट कुणा ज्येष्ठ हॅमच्या माळ्यावरून, कधी जुन्या बाजारातून, कधी निधनानंतर घरच्यांनी मोठ्या मनाने दिलेल्या सामानातून माझ्या टेबलावर येतात. बहुतेक मुके असतात. त्यातले बरेच पुन्हा बोलतात.

ते बोलतात याचं मोठं श्रेय ते बनवणाऱ्यांना जातं. सेटबरोबरच्या पुस्तकात पूर्ण सर्किट छापलेलं आहे, कुठल्या टोकाला किती व्होल्टेज हवं त्याचे तक्ते आहेत, आणि प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो. हे यंत्र उद्या कुणीतरी उघडणार, हे गृहीत धरूनच ते बांधलं होतं. आपल्यानंतर उघडणाऱ्यालाही ते तितकंच सोपं जावं, ही आपली जबाबदारी आहे असं मी मानतो. पुढचे सगळे धडे त्यातूनच आले आहेत.

१. आधी डोळे, मग नाक, मग मीटर

सेट आला की वीज जोडायची घाई करू नका. झाकण काढा आणि चांगल्या उजेडात शांतपणे बघा. फुगलेले कॅपॅसिटर, काळवंडलेले रेझिस्टर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, जळक्या ट्रान्सफॉर्मरचा वास, सगळं इथेच कळतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधीच्या हातांच्या खुणा शोधा. फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार, मूळच्या चकचकीत डागाशेजारी लावलेला मातकट डाग, कॉइलच्या कोअरवरचं उखडलेलं मेण, कुठे जाते ते न कळणारी एखादी वायर. वयामुळे झालेला बिघाड एका जागी असतो. अर्धवट दुरुस्तीतून झालेले बिघाड चार ठिकाणी विखुरलेले असतात, आणि ते वीज सोडण्याआधीच शोधावे लागतात. काहीही हलवण्यापूर्वी फोटो काढून ठेवा.

२. पहिली वीज बल्बमधून द्या

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट सॉकेटला लावायचा नाही. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या आणि त्यात १०० वॅटचा जुना फिलॅमेंटचा बल्ब लावा. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि पेटलेला राहतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढे जायला हरकत नाही. व्हेरिअ‍ॅक असेल तर व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या. बरीच वर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर त्याने पुन्हा बसायला वेळ मिळतो.

त्याआधी ट्रान्सफॉर्मरचे टॅप तपासायला विसरू नका. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत ११७ च्या आसपास. तिकडून आलेला सेट आपल्या २३० व्होल्टवर लावला की खेळ संपलाच. टॅप २२० चा असेल तरी व्हॉल्व्हच्या हीटरचं व्होल्टेज मोजा. ६.३ व्होल्टच्या हीटरला दहा टक्के इकडेतिकडे चालतं. रात्री वस्तीतलं व्होल्टेज चढतं तेव्हा ते सात व्होल्टपुढे जात असेल, तर वरचा टॅप निवडा. आता सहज न मिळणाऱ्या व्हॉल्व्हचं आयुष्य त्याने वाढतं.

३. फायनलच्या कप्प्यात शिस्त हवी

एफटी-१०१ मध्ये फायनलच्या प्लेटवर सुमारे ६०० व्होल्ट असतात, टीएस-५२० मध्ये ८००. सेट बंद करून प्लग काढला तरी कॅपॅसिटरमध्ये ते काही काळ राहतात, आणि जीव घ्यायला पुरेसे असतात. माझी पद्धत ठरलेली आहे. प्लग काढायचा, थोडं थांबायचं, मग दहा किलोओम, दहा वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या दांडीला बांधून त्यातून कॅपॅसिटर रिकामा करायचा आणि शेवटी मीटरने शून्य बघायचं. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची सवय असेल तर ती सोडा. त्यात कॅपॅसिटरही बिघडतो आणि माणूसही दचकतो. चालू सेटमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवा. घरात कुणी नसताना हा कप्पा उघडू नका.

४. आधी ऐकायला शिकवा, मग बोलायला

या सेटमध्ये हीटरचा वेगळा स्विच दिलेला आहे. तो बंद ठेवला की व्हॉल्व्ह थंड राहतात आणि रिसीव्हर तेवढा चालतो. म्हणून सुरुवात नेहमी रिसीव्हरपासून. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पिनला बारीक टोकाने स्पर्श केल्यावर स्पीकरमध्ये गुणगुण आली, तर ऑडिओ ठीक. मग एकेक टप्पा मागे जायचं. टीएस-५२० ची आयएफ ३३९५ किलोहर्ट्झ आहे. जनरेटरमधून तेवढा सिग्नल फिल्टरपाशी दिला आणि तो ऐकू आला, तर बिघाड त्याच्याही मागे, मिक्सरकडे किंवा अँटेनाकडे. आवाज जिथे हरवतो तिथेच शोध थांबतो. अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा या वाटेने वेळ कमी लागतो.

सेट ऐकू लागला की सकाळी ७ मेगाहर्ट्झवर लावून ठेवा. आसपासच्या राज्यांतली ओळखीची मंडळी तिथे भेटतात. माणसाच्या आवाजावर एखादा तास कान ठेवला की सेट सरकतोय का, मधूनच दबतोय का, हे मीटरपेक्षा लवकर कळतं.

५. पुष्कळ बिघाड म्हणजे फक्त गंज

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सेटला सर्वांत जड जातात, कोकणात तर फारच. एफटी-१०१ ची बरीचशी सर्किटं सॉकेटमध्ये खोचलेल्या बोर्डांवर आहेत. बोर्डाच्या कडेवरचे संपर्क काळे पडले की सेट कधी चालतो, कधी नाही; वरून थापट मारली की पुन्हा चालतो. अशा वेळी एकही भाग बदलायचा नसतो. सेट बंद करून बोर्ड सरळ वर ओढून काढा, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, सॉकेटचे ओठ साफ करा आणि बोर्ड दोनचारदा आतबाहेर करून बसवा.

बँड स्विचवर स्प्रेचा फवारा मारू नका. त्याच्या चकत्या द्रव शोषतात आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. काँटॅक्ट क्लीनरचा थेंब टूथपिकवर घेऊन एकेका संपर्काला लावा आणि स्विच फिरवा. फ्रिक्वेन्सी मधूनच उडी मारत असेल, तर व्हीएफओवर शंका घेण्याआधी ट्यूनिंग कॅपॅसिटरच्या आसाला चेसिसशी जोडणारी स्प्रिंगची पट्टी बघा. तिच्यावरचा मळ पुसल्यावर सेट स्थिर झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

६. सगळे कॅपॅसिटर एकदम बदलू नका

नव्या हॅमचा उत्साह मला समजतो: पाकीटभर इलेक्ट्रोलायटिक आणायचे आणि एका बैठकीत सगळे बदलून टाकायचे. पण त्यात एखादा उलटा बसला किंवा एखादा ट्रॅक उखडला, तर मूळचा बिघाड कोणता आणि आपण घातलेला कोणता हे ओळखता येत नाही. मोजा, ईएसआर तपासा, ज्याला गरज आहे तो बदला, सेट चालवून बघा, मग पुढचा. नवीन घेताना १०५ अंशांचा घ्या, व्होल्टेजची मर्यादा मूळच्याइतकी किंवा एक पायरी वर ठेवा.

गोंदावरही लक्ष ठेवा. भाग हलू नयेत म्हणून त्या काळी लावलेला पिवळसर गोंद वर्षांनी तपकिरी होतो आणि वीज वाहू लागतो. १९८० च्या दशकातल्या पीएलएलच्या सेटमध्ये डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके दिसले, तर मी आधी व्हीसीओभोवतीचा गोंद बघतो. तो खरवडून जागा स्वच्छ करायला वेळ लागतो, पण आयसी बदलावी लागत नाही.

७. एका छोट्या कॅपॅसिटरवर फायनलची जोडी टांगलेली असते

ड्रायव्हरच्या प्लेटवर सुमारे ३०० व्होल्ट डीसी असतात, फायनलच्या ग्रिडवर उणे बायस. या दोघांमध्ये एक नाण्याएवढासुद्धा नसलेला मायका कॅपॅसिटर उभा असतो. तो सिग्नल पुढे जाऊ देतो आणि ते ३०० व्होल्ट अडवून धरतो. वयामुळे तो झिरपू लागला की ग्रिडवरचा उणे बायस कमी होतो, फायनल जास्त करंट ओढतात, लाल होतात आणि जातात.

लक्षण नीट ओळखता येतं. बायस ६० मिलिअँपिअरवर बसवलेला असतो. सेट तापतो तसा काटा ६५, ७०, ८० असा चढू लागतो. परत खाली आणला तरी पुन्हा चढतो. लोक व्हॉल्व्हला दोष देऊन नवी जोडी घालतात, आणि नव्या जोडीचंही तेच होतं. अशा वेळी सेट बंद करून, फायनलच्या कप्प्यातले कॅपॅसिटर रिकामे करून, कॅपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोडवा. ड्रायव्हर तापल्यावर त्या मोकळ्या टोकाला डिजिटल मीटर लावा. स्थिर व्होल्टेज दिसलं तर चोर सापडला. त्या जागी तेवढ्याच क्षमतेचा, एक किलोव्होल्टचा सिल्व्हर मायका घाला. जुन्या एफटी-१०१ मध्ये फायनलना वीज देण्याआधी मी तो न मोजताच बदलतो. सहाव्या धड्याला हा माझा एकमेव अपवाद.

८. कोअर आणि ट्रिमर सर्वांत शेवटी

सेट कमी ऐकू येतो म्हणून कॉइलचे कोअर फिरवायला जाऊ नका. कारखान्यात लावलेली अलाइनमेंट सहसा फारशी हलत नाही. आवाज कमी होण्याचं कारण बहुतेकदा दुसरीकडे असतं. सगळे बिघाड निघाल्यावर, अर्धा तास सेट तापवून, पुस्तकातल्या क्रमानेच अलाइनमेंट करा. प्लास्टिकची योग्य मापाची चावी वापरा, कारण फेराइट कोअर एकदा तडकला की तो बाहेर काढणं फार जिकिरीचं होतं. व्हॉल्व्ह बदलले असतील तर न्यूट्रलायझेशन आवर्जून करा. खूण सोपी आहे: प्लेटचा नॉब फिरवताना करंट जिथे सर्वांत खाली जातो, तिथेच आउटपुट सर्वांत जास्त यायला हवं.

९. सुटे भाग शोधणं हाही कामाचाच भाग

रेझिस्टर, कॅपॅसिटर, डायोड यांसाठी पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड पुरतो. फायनल व्हॉल्व्हचं तसं नाही. एफटी-१०१ मधला ६जेएस६सी हा मुळात टीव्हीसाठी बनलेला व्हॉल्व्ह. तसे टीव्ही गेले आणि तोही दुर्मीळ झाला. म्हणून दुरुस्त न होणारा सेट भंगारात देऊ नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर, व्हीएफओ, क्रिस्टल फिल्टर, नॉबसुद्धा दुसऱ्या सेटला उभं करतात. आपल्या गटात कुणाकडे काय आहे याची यादी ठेवा आणि मागणाऱ्याला मोकळ्या हाताने द्या. चेसिसला नवं भोक पाडून वेगळाच भाग बसवायचा मोह होईल. त्याऐवजी मूळ भागाची वाट बघा.

१०. पहिलं बोलणं डमी लोडवर

ट्रान्समीटरची चाचणी ५० ओमच्या डमी लोडवरच करा. ट्यून करताना की एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि मध्ये व्हॉल्व्हना उसंत द्या. अँटेना जोडून हवेत जायचं तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना हवा. दुरुस्तीची आवड असलेल्या प्रत्येक तरुणाला मी परीक्षा द्यायला सांगतो, कारण आपण जिवंत केलेल्या सेटवरून स्वतः बोलण्यासारखा आनंद नाही.

११. सेटबरोबर वही द्या

प्रत्येक सेटसाठी मी एक पातळ वही ठेवतो. कोणता भाग का बदलला, आधी किती व्होल्ट होते, नंतर किती झाले, कुठल्या जागी शंका उरली आहे, सगळं तारखेसह लिहितो. काढलेले मूळ भाग पाकिटात घालून सेटबरोबरच देतो. पुढे तो उघडणाऱ्याला माझं काम सर्किटसारखं वाचता आलं पाहिजे.

चालू सेटची गरज फक्त हौसेपुरती नाही. २००१ च्या भुजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. एफटी-१०१ई तर गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो. ती सोय त्याच्या पोटातच आहे. अशा दिवशी सेट चालेल की नाही, हे आज आपण किती नेटकं काम केलं त्यावर ठरतं. म्हणून दुरुस्त झालेला सेट कपाटात परत ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी तो चालवा, आणि परीक्षा पास झालेल्या पण सेट घ्यायची ऐपत नसलेल्या कुणा मुलाला वहीसकट देऊन टाका.