असेंब्लर कोणता निवडावा?

सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर पुठ्ठ्यांतील छिद्रे ठरवितात. संगणकालाही आज्ञा आकड्यांतच लागतात. आपल्या सांकेतिक शब्दांचे असे आकडे करून देणारा प्रोग्राम म्हणजे असेंब्लर.

तो निवडताना प्रथम प्रोसेसर पाहावा. १९८२ च्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकात झेड-८० होता. त्यासाठी ‘पास्मो’ विनामूल्य मिळतो व टेपची फाईलही करून देतो. १९८४ च्या ‘क्लास’ योजनेतून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोत ६५०२ होता. त्याच्या बेसिकमध्येच असेंब्लर अंतर्भूत होता. दोहोंच्या आज्ञा भिन्न, म्हणून एकाचे आकडे दुसऱ्यास निरुपयोगी.

आज या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. तेव्हा विद्यार्थीमित्रांनी आधी यंत्र ठरवावे, मगच असेंब्लर घ्यावा. पैसा लागत नसला, तरी शिकण्याचा वेळ मोलाचाच असतो.