कापूस वेचणीच्या दिवसांत खानदेश

खानदेशात हिंडायचं असेल तर दिवाळी आटोपल्यापासून मार्गशीर्ष सरेपर्यंतचे आठवडे राखून ठेवा. बाहेरचा माणूस या भागाला उन्हाच्या नावाने ओळखतो आणि अजिंठ्याला जाता-येता जळगाव स्टेशनावर तेवढा उतरतो. या दिवसांत कपाशी फुटलेली असते, केळीचे ट्रक भरत असतात, हरभरा वर आलेला असतो आणि वांग्याला भरताची चव आलेली असते. इथली भटकंती शिवारातल्या कामाच्या वेळा धरून करावी, असं माझं ठाम मत आहे. किल्ले, देवळं वाटेत येतातच.

दोन दिवस पुरतात: शनिवारी तापीपलीकडचा केळीपट्टा, रविवारी धुळे आणि लळिंग.

शनिवारी उजाडताना जळगाव सोडा. भुसावळपर्यंत पंचवीसेक किलोमीटर, तिथून तापी ओलांडून बामणोदमार्गे फैजपूर. नदीजवळ धुकं असतं आणि थंडी कडक पडली असेल तर त्यात धूरही मिसळलेला असतो. केळीला थंडी सोसत नाही. पारा दहाच्या आसपास उतरला की वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, घड नीट भरत नाही. म्हणून शेतकरी रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. हा धूर दिसला तर त्यामागे रात्रभर जागलेलं कुटुंब आहे हे ध्यानात असू द्या. अशा वेळी दिवे डिपरवर ठेवा, वेग चाळीसच्या आत. पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं धरून चालू नका.

केळीच्या बागेत मालकाला विचारूनच शिरा, आणि अंगात जुने कपडे असू द्या. केळीचा चीक एकदा लागला की डाग जात नाही. कापणी चालू असेल तर घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका, फळाला ओरखडा पडला तरी भाव उतरतो. जळगावच्या केळीला आणि इथल्या भरताच्या वांग्यालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

फैजपूरला थांबा. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, डिसेंबर १९३६ मधलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातून केलेली. याच हवेत, याच शिवारात देशभरची माणसं येऊन राहिली होती. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला ती जागा विचारा, तो तुम्हाला हातातलं काम टाकून घेऊन जाईल.

नऊच्या पुढे ऊन अंगाला लागतं आणि कपाशीवरचं दव वाळतं. वेचणी तेव्हा सुरू होते, कारण ओला कापूस कमी भावात जातो. कमरेला झोळी बांधून बाया ओळीने वेचत पुढे सरकतात. मजुरी किलोवर असते, त्यामुळे फोटोसाठी कुणाला पाच मिनिटं उभं केलंत तर ती तिच्या पैशातून जातात. दुपारी त्या झाडाखाली शिदोरी सोडतात, तेव्हा जाऊन बसा. लेवा बोली कानावर पडेल आणि बहुधा भाकरीही हातात येईल. आसोद्याच्या माहेरी वाढलेल्या बहिणाबाई चौधरींची कविता याच कामातून आली, हे तिथे बसल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

जेवण भरताचं, आणि ते शेतात. ओळख असेल तर आधी कळवून ठेवा, नसेल तर बामणोद-फैजपूरकडे चौकशी करा. वांगी लांबट, पांढरट हिरवी, कमी बियांची. ती वाळलेल्या कपाशीच्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, आणि या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचतात, मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि भरपूर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, कच्चा मुळा, कांदा. जेवून लगेच गाडी चालवू नका, तासभर बांधावर पडा.

पाखरं बघायची असतील तर शनिवारची पहाट हतनूर धरणाला द्या. सूर्य पाठीशी येईल असं उभं राहा, दुर्बीण न्या. पाण्यावरची बदकं उठली की पुन्हा लवकर जवळ येत नाहीत, म्हणून काठाकडे धावू नका.

तीनपर्यंत जळगावला परत या आणि एरंडोल-पारोळ्यावरून धुळे गाठा. अंतर नव्वदेक किलोमीटर. पारोळ्याचा भुईकोट भर बाजारपेठेत आहे, अर्धा तास पुरे.

रविवारी उजाडायच्या आत लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी असा. धुळ्यापासून दहाएक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. धुळ्यात पहाटे स्वेटर-कानटोपी लागते आणि दुपारी तीच ओझं होते, तेव्हा कपडे थरांनी घाला. चढ अवघड नाही, पण सावली नाही. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात शिरतात, म्हणून पूर्ण लांबीची पँट आणि घोट्यावरचे बूट. माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्या, कातळटाक्यांतलं पिऊ नका. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातला नासिरखान आधी लळिंगला होता. पुढे त्याने असीरगड घेतला आणि तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं. वर गेल्यावर महामार्ग आणि खालचं कुरण एका नजरेत येतं, आणि ही जागा त्याने का धरली ते कळतं.

उतरून शहरात राजवाडे संशोधन मंडळ पाहा. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. दोन्हीकडे जाण्याआधी वेळ विचारून घ्या. तांब्या-पितळेची भांडी हवी असतील तर सोनगीर जवळच आहे.

परतीला दुपारी तीनच्या आत निघा. या दिवसांत सहाला अंधार पडतो, आणि कापसाने रुंदीबाहेर भरलेल्या गाड्या नेमक्या संध्याकाळी जिनिंगकडे निघतात.