सही केलेली ऑफर सोडताना

कॅम्पसमधली ऑफर स्वीकारली आणि महिन्याभरात दुसरीकडून जास्त पगाराचं बोलावणं आलं, तर? मी प्लेसमेंट कमिटीत असल्यामुळे हा प्रश्न घेऊन रात्री अकरालाही कुणीतरी रूमवर येतंच.

आधी कायदा बघू. १८७२ च्या करार कायद्यानुसार ऑफर लेटर हा प्रस्ताव, आपली सही हा होकार. होकार कंपनीला पोचला की करार झाला. तरी कोर्ट कुणाला जबरदस्तीने नोकरीला बसवत नाही. मागितली तर नुकसानभरपाई मिळू शकते, तीही कलम ७४ प्रमाणे लिहिलेल्या रकमेच्या आत आणि वाजवी तेवढीच. ‘बाँड म्हणजे नुसता कागद’ असं सीनियर छातीठोकपणे सांगतात, त्यावर जाऊ नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याला दोन लाख भरायला लावणारी अट वैध ठरवली. म्हणून बाँड सहीपासून लागू होतो की जॉइनिंगपासून, हे आधी वाचा.

खरा फटका वेगळीकडेच बसतो. ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ हा नियम असेल तर तुमच्या जागेवर बसू शकणारा वर्गमित्र अजून बेकार असतो. कंपनी पुढच्या वर्षी आली नाही तर ज्युनियर्सचे हाल.

तरीही कुणी जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. घरी कर्ज असलं की दोन लाखांचा फरक मोठा असतो. पण जॉइनिंगच्या दिवशी मोबाईल बंद करून बसणं मला अजिबात पटत नाही. नवी ऑफर फोनवर नव्हे, लेखी हातात येऊ द्या. मग त्याच दिवशी प्लेसमेंटच्या सरांना भेटा आणि कंपनीला दोन ओळींचा मेल टाका. कारणांचं पुराण नको.