त्याच्या खिडक्या

खरं सांगू? त्या दिवशी मी लेकावर उगाचच ओरडले.

आमचा लॅपटॉप 2016 चा. चालू करून गॅसवर दूध ठेवावं, ते तापून गॅस बंदही करावा, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं सुरूच. "तूच काहीबाही गेम टाकलेस, म्हणून झालं हे," मी म्हणाले. तो गप्प बसला. मूल गप्प बसलं की आपल्याला वाटतं, चला, पटलं त्याला!

मग जयपूरच्या एमआय रोडवरचं जयंती मार्केट गाठलं. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, बच्चे की गलती नहीं है. मशीन पुरानी है." शिवाय विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. आमचा इंटेल सहाव्या पिढीचा, आणि चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते.

परतताना माझं डोकं नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांत. शेजारी मॅक आलाय. जयपुरात जिकडे बघावं तिकडे कोचिंगच्या पाट्या. आपलं पोर मागे पडलं तर? तुम्हालाही होतं ना असं? या घाईत ज्याच्यासाठी घ्यायचं, त्याला विचारायचंच राहतं.

रात्री पांघरूण घालताना त्यानं हळूच विचारलं, "आई, माझ्या खिडक्या जातील का गं?"

पेंटमध्ये तो हवामहल काढत होता. खऱ्या हवामहलाला 953 खिडक्या आहेत म्हणतात. याच्या 212 झाल्या होत्या. मला पत्ताच नव्हता.

त्याची गरज तेवढीच: चित्रं, थोडं टायपिंग, शाळेचे व्हिडिओ. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट बघितलं. फुकट आहे, आणि त्याची हलकी आवृत्ती जुन्या यंत्रावरही बरी चालते. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, आतलं काही न पुसता आधी वापरून बघता येतं. तरी चित्रांची कॉपी आधी काढून ठेवा हं. मी दोनदा काढली.

त्याच्या ताईचं वेगळं. तिच्या शाळेचा एक प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो. तिथे "फुकटातलं चालव की" म्हणणं म्हणजे तिच्या डोक्याला ताप. तिच्यासाठी विंडोज 11 वालाच घेऊ, जमेल तेव्हा.

ज्याची जशी गरज तसं यंत्र, यावरून एक आठवलं. 2007 मध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्याशा शाळेत मुलांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप दिले होते. त्यातल्या 'शुगर' नावाच्या प्रणालीत फाइल-फोल्डरच्या जंजाळाऐवजी मुलानं केलेलं सगळं रोजनिशीसारखं ओळीनं दिसायचं. वापरणारं मूल आहे, हे कुणीतरी आधी लक्षात घेतलं होतं. मी मात्र हप्ते मोजत बसले होते.

रविवारी पेन ड्राइव्ह लावला. "यात पेंट नाहीये," त्याचा चेहरा पडला. चित्रांचं दुसरं ॲप उघडून दिलं. रंग भरायची बादली सापडायला वेळ लागला, पण जुना हवामहल उघडला.

"त्या दिवशी उगाच ओरडले रे तुझ्यावर," मी म्हणाले.

"हं," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "213."