कॅटमरानला स्पिनेकर बसविताना

‘कॅटमरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’वरून, म्हणजे बांधलेल्या ओंडक्यांवरून आला. पुळणीवरून पाण्यात लोटता येणाऱ्या ‘टोर्नेडो’ या दुहेरी सांगाड्याच्या नौकेने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्पिनेकर हे फुगीर शीड वापरले.

ते बसविणे वरकरणी सोपे. दोन्ही नाळींच्या पुढे जाणारा दांडा दोरांनी घट्ट आवळावा. शीड उचलणाऱ्या दोराची कप्पी मात्र डोलकाठीच्या पुढील ताणतारेच्या जोडाहून फार उंच नसावी. कारण त्यावरील काठीला मागून आधार असतो तो मुख्यतः मोठ्या शिडाच्या ताणलेल्या दोराचा. वाऱ्याचा झोत येताच सवयीने हाच दोर सोडला, तर डोलकाठी मोडू शकते. अशा वेळी स्पिनेकरचा दोर सैल करावा आणि नौका वारा वाहतो त्या दिशेकडे वळवावी.